आधी परवाना, मग पाठवणी

सोनू, न्यू जर्सीतल्या त्या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत निर्यातीचं टेबल तुझ्याकडे आलं हे ऐकून फार बरं वाटलं. या टेबलावर कधी ना कधी इराण, क्युबा, रशिया, व्हेनेझुएला ही नावं येणारच. त्यांच्या मागोमाग वॉशिंग्टनमधल्या ट्रेझरी खात्याचं ओफॅक हे कार्यालयही येणार. अमेरिकेचे आर्थिक निर्बंध तेच राबवतं आणि त्यातून सूट देणारे परवानेही तेच देतं.

एक गोष्ट मनात पक्की धर. निर्बंध घालणाऱ्या कायद्यातच अन्नाला, औषधाला, म्हाताऱ्या आईला पाठवायच्या पैशांना वाट ठेवलेली असते. ती वाट कागदांची आहे. कागद नीट असले तर रुग्णालयातलं यंत्र वेळेवर सुरू होतं, आणि कागदात आळस झाला तर तेच यंत्र गोदामात पडून राहतं. म्हणून हे कानमंत्र शांतपणे वाच. तुला भरभर टिक मारत पुढे जायची हौस आहे, मला ठाऊक आहे. इथं मात्र जरा दमानं घे.

आधी पाया

१. सगळे निर्बंध एकाच मापानं मोजू नकोस. क्युबा, इराण, उत्तर कोरिया यांच्याशी जवळजवळ सगळाच व्यवहार बंद आहे, तर रशियाच्या बाबतीत ठरावीक बँका, माणसं आणि उद्योग – म्हणून ‘तिथं माल जातो का?’ या प्रश्नाचं उत्तर देशागणिक बदलतं.

२. नियम कुठल्या कायद्यातून आला ते आधी बघ. क्युबाचे निर्बंध १९१७ च्या शत्रूशी व्यापाराच्या कायद्यावर उभे आहेत, बाकीचे बहुतेक १९७७ च्या आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्यावर – त्यामुळेच अमेरिकेतला माणूस इराणला पर्यटक म्हणून जाऊ शकतो, क्युबाला नाही.

३. ‘मी कुठं अमेरिकन आहे’ असं म्हणू नकोस. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले जगात कुठंही असोत, आणि अमेरिकेच्या भूमीवर असलेला प्रत्येक माणूस, व्हिसा कुठलाही असो, या नियमांत येतो – म्हणजे एच-वन-बीवर असलेली तूही आलीस, आणि ग्रीन कार्ड खिशात ठेवून पुण्यात बसलेला तुझा मावसभाऊही.

४. परदेशातल्या शाखेनं पाठवलेल्या सौद्याला नुसता ‘चालेल’ असा ईमेलसुद्धा टाकू नकोस – जो व्यवहार तू स्वतः करू शकत नाहीस, त्याला मंजुरी देणं किंवा मदत करणं हेही उल्लंघनच धरलं जातं.

५. डॉलरचा माग घे. २०१७ मध्ये उत्तर कोरियाला तंबाखू विकलेल्या गॉडफ्रे फिलिप्स इंडियाला मार्च २०२३ मध्ये ओफॅकशी ३,३२,५०० डॉलरची तडजोड करावी लागली – माल अमेरिकेत आलाच नव्हता, पण पैसे अमेरिकन बँकांमधून फिरले होते.

६. ओफॅकच्या बंदीच्या यादीत नाव नाही एवढ्यावर समाधान मानू नकोस, मालक कोण ते शोध. यादीतल्या एका किंवा अनेक व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल तर ती कंपनीही गोठवलेलीच समजायची – आणि ऑगस्ट २०१४ पासून निरनिराळ्या भागीदारांचे हिस्से एकत्र मोजायचे असतात, हे अनेकजण विसरतात.

७. परवान्याचे दोन प्रकार पाठ कर. जनरल लायसन्स सगळ्यांसाठी छापून ठेवलेलं असतं, त्याला अर्ज लागत नाही. स्पेसिफिक लायसन्स एकट्या अर्जदाराला, त्याच्या एका कामासाठी मिळतं – पहिलं लागू पडत असताना दुसरं मागायला गेलीस तर महिने वाया जातात.

८. त्याही आधी बघ की गोष्ट मुळात बंदीत येते का. आधीपासून तयार असलेली पुस्तकं, चित्रपट, छायाचित्रं आणि बातम्या यांना १९८८ च्या दुरुस्तीनं बाहेर ठेवलं आहे – जिथं कुलूपच नाही तिथं किल्ली शोधायला नको.

९. नियम दोन्ही बाजूंनी वाचता येत असेल तर ओफॅकला लेखी खुलासा माग. इराणी लेखकांच्या शोधनिबंधांचं संपादन करावं की नाही या शंकेत अमेरिकेतली अभियंत्यांची आयईईई ही संस्था अडकली होती. तिनं विचारलं, आणि एप्रिल २००४ मध्ये परवाना लागत नाही असं उत्तर मिळालं – विचारलेली वाट लांब वाटते, पण घरी पोचवते.

नावं तपासताना

१०. नाव मोठ्या अक्षरांत, लहान अक्षरांत, टिंबांसह आणि टिंबांशिवाय, असं सगळ्या तऱ्हांनी तपास. अ‍ॅपलच्या यंत्रणेला ‘एसआयएस डीओओ’ ही स्लोव्हेनियन कंपनी यादीत सापडली नाही, कारण यादीत ‘डीओओ’ ही अक्षरं लहान आणि टिंबं देऊन होती – त्याची २०१९ मधली तडजोड ४,६६,९१२ डॉलरची झाली.

११. देशाचा रकाना बघून थांबू नकोस, गावही बघ. अ‍ॅमेझॉनच्या यंत्रणेतून क्रायमियाच्या ऑर्डरी निसटल्या, कारण लोकांनी ते नाव ‘सी’ऐवजी ‘के’नं लिहिलं होतं – याल्टा हे गाव ओळखणारा माणूस टेबलाशी असता तर त्या थांबल्या असत्या.

१२. कंपनीच्या नावासोबत संचालक, खातं चालवणारा, सही करणारा, सगळ्यांची नावं घाल – बंदीतला माणूस नेहमी पहिल्या रकान्यात बसत नाही.

१३. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. जन्मतारीख, जन्मगाव, पासपोर्ट पाहिल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नकोस – इराणी, अरबी आणि आपल्याकडचीही कितीतरी नावं हजारोंना असतात, आणि साध्या माणसाला संशयित ठरवणं हा त्याचा अपमान आहे.

१४. जहाज, फ्रेट फॉरवर्डर, विमा कंपनी, मधल्या बँका, सगळ्यांची तपासणी कर – खरेदीदार स्वच्छ असला तरी एक मधला दुवा यादीत निघाला की माल तिथंच अडतो.

१५. येणाऱ्या मालाचंही मूळ विचार. कॅलिफोर्नियातल्या ई.एल.एफ. कॉस्मेटिक्सनं चिनी पुरवठादारांकडून खोट्या पापण्या आणल्या, त्यात उत्तर कोरियातलं सामान होतं. १५६ शिपमेंट होईपर्यंत कुणी तपासलं नाही – २०१९ मध्ये त्यांनी ९,९६,०८० डॉलर भरले.

१६. ऑर्डर घेताना तपास, आणि माल निघायच्या दिवशी पुन्हा तपास – यादी कुठल्याही दिवशी बदलते, आणि काल मोकळं असलेलं नाव आज त्यात असू शकतं.

१७. तपासल्याचा पुरावा तारखेसह जपून ठेव, ‘काही सापडलं नाही’ असा निकाल असला तरी – पाच वर्षांनी विचारलं तर आठवणीला कुणी किंमत देत नाही.

जनरल लायसन्स वाचताना

१८. शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाच. वर काय चालेल ते लिहिलेलं असतं आणि खाली ‘याला मात्र परवानगी नाही’ अशी यादी असते – बहुतेक गोंधळ त्या खालच्या चार ओळींत दडलेला असतो.

१९. मुदत आधी बघ. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तीनच दिवसांत ओफॅकनं सीरियाच्या मदतकार्यासाठी तेवीस क्रमांकाचं जनरल लायसन्स काढलं, पण ते ८ ऑगस्टपर्यंतच होतं – शिक्का पाहतो तो हसतो, तारीख पाहतो तो तरतो.

२०. क्रमांकापुढचं अक्षरही वाच. व्हेनेझुएलाच्या तेलासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेलं लायसन्स ४४ सहा महिन्यांचं होतं. एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या जागी ४४-ए आलं आणि त्यात फक्त ३१ मेपर्यंत काम आवरायची मुभा होती – एका अक्षरानं ‘करा’चं ‘आवरा’ झालं.

२१. मिळालेली सूट कायमची मानून पुढच्या दहा वर्षांचे बेत आखू नकोस. भारताच्या इराणमधल्या चाबहार बंदराच्या कामाला २०१८ मध्ये सूट मिळाली, २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस ती काढली गेली, आणि लगेच ऑक्टोबरमध्ये पुन्हा सहा महिन्यांची मिळाली – सूट ही भाड्याची खोली आहे, खिळे बेतानंच ठोकावेत.

२२. इराणला औषधं आणि बरीचशी वैद्यकीय उपकरणं जनरल लायसन्सवर जातात, पण काही उपकरणं वगळून वेगळी यादी केली आहे. त्या यादीत तुझं मॉडेल आहे का ते पहिल्यांदा बघ – असलं तर स्पेसिफिक लायसन्सशिवाय पेटी हलवायची नाही.

२३. घेणारं रुग्णालय कुणाचं आहे ते विचार. लष्कर, गुप्तचर किंवा पोलीस यांच्यासाठी खरेदी होत असेल तर ते जनरल लायसन्स लागू होत नाही – औषध तेच असलं तरी हात बदलला की नियम बदलतो.

२४. पैसे कसे येणार हे मालाइतकंच नीट ठरव. अमेरिकन बँक आणि इराणी बँक यांच्यात थेट व्यवहार होत नाही. आगाऊ रोख रक्कम किंवा नियमांत बसणाऱ्या तिसऱ्या देशातल्या बँकेमार्फत असे मोजके रस्ते आहेत – माल कायदेशीर आणि पैसा बेकायदेशीर, असंही घडू शकतं.

२५. दुसऱ्या कार्यालयाची गरज आहे का ते बघ. क्युबाला माल पाठवायचा परवाना वाणिज्य खात्याचा ब्युरो देतो, इराणच्या बाबतीत मुख्यतः ओफॅकच – चुकीच्या दारी केलेला उत्तम अर्जसुद्धा परत येतो.

२६. जनरल लायसन्स वापरलंस की त्याच दिवशी अर्ध्या पानाची टीप लिही: कुठलं लायसन्स, कुठलं कलम, आपण त्यात का बसतो – अर्ज नसल्यामुळे ही टीपच तुझा एकमेव पुरावा असते.

२७. संस्थेमार्फत मदत पाठवणार असाल तर वस्तू आणि पैसे वेगवेगळे मोज. दान म्हणून पाठवलेलं अन्न, कपडे, औषधं यांना बऱ्याचदा मोकळीक असते, वर्गणीच्या रकमेला तीच असेल असं नाही – संस्थेच्या उत्साही लोकांना हे प्रेमानं समजावून सांग.

२८. मदतसंस्थांसाठीचे नियम नवे असतील ते वाच. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेच्या २६६४ क्रमांकाच्या ठरावानंतर ओफॅकनं अनेक निर्बंधांत मदतकार्याला एकसारखी मोकळीक दिली – जुन्या भीतीपोटी आज चालणारं काम अडवणं हाही अन्यायच.

२९. ऑफिसातली इराणी मैत्रीण वडिलोपार्जित घर विकायचं म्हणाली, तर घाबरवू नकोस. वारशानं आलेली किंवा अमेरिकेत स्थायिक होण्याआधीची मालमत्ता विकून पैसे आणायला जनरल लायसन्स आहे, आईवडिलांना घरखर्च पाठवायलाही आहे – मात्र पैसे बँकेच्या वाटेनं यावेत-जावेत, हवालावाल्याच्या नाही.

३०. हवानाला जायचं ठरवलंत तर आधी बारा मान्य कारणांपैकी आपलं कुठलं ते लिहून काढा आणि रोजचा कार्यक्रम त्याला धरून आखा – नुसतं समुद्रावर फिरायला जाणं त्या बारांत नाही, आणि पावत्या नंतर मागितल्या जाऊ शकतात.

अर्ज लिहिताना

३१. अर्ज ओफॅकच्या स्वतःच्या ऑनलाइन पोर्टलवर कर आणि त्याला फी नाही हे लक्षात ठेव – ‘सरकारी फी’ मागणारा मध्यस्थ भेटला तर तिथूनच परत फिर.

३२. प्रकार नीट निवड: नवा व्यवहार, नियमाचा खुलासा, अडकलेले पैसे सोडवणं, किंवा शेतमाल-औषधांचा अर्ज – चुकीच्या गठ्ठ्यात पडलेला अर्ज योग्य टेबलावर यायला वेळ खातो.

३३. पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कुणाला, किती, कशासाठी एवढं सांगून टाक. फोनवर तुझी प्रस्तावना अर्धा तास चालते, ते मला आवडतं – पण तिथल्या अधिकाऱ्यापुढे असे पुष्कळ अर्ज असतात.

३४. व्यवहाराशी संबंध असलेल्या प्रत्येकाचं नाव दे, आणि तू दुसऱ्याच्या वतीनं अर्ज करत असशील तर खरा अर्जदार कोण तेही सांग – लपवलेली ओळ सगळा कागद खाते.

३५. मालाचं वर्णन मॉडेल क्रमांक, निर्यात वर्गीकरण आणि माहितीपत्रकासह जोड. ‘हॉस्पिटल उपकरण’ असं मोघम लिहू नकोस – वाचणारा अभियंता नसतो, त्याला चित्र दिसलं की शंका कमी होतात.

३६. पैशाचा प्रवास पायरीपायरीनं लिही: कुणाच्या खात्यातून, कुठल्या बँकेतून, कुणाच्या खात्यात – बँकेचं नाव सुटलं तर परवाना मिळूनही पैसे अडतात.

३७. आपण मागतोय ते कुठल्या कलमात किंवा धोरणात बसतं, ते दोन वाक्यांत दाखव. शेतमाल, औषधं आणि वैद्यकीय उपकरणांसाठी २००० सालचा व्यापार निर्बंध सुधारणा कायदा आहे, त्याचा आधार घे – अधिकाऱ्याला ‘हो’ म्हणायला कारण हातात द्यावं.

३८. कुणाचा जीव अडलेला असेल तर ते सुरुवातीलाच सांग आणि रुग्णालयाचं पत्र जोड – तातडी सिद्ध केली तर ऐकली जाते, नुसती ठळक अक्षरांत लिहिली तर नाही.

३९. वाढवून सांगू नकोस. परवाना तू दिलेल्या माहितीच्या भरवशावर मिळतो – माहिती खोटी निघाली तर परवाना असून नसल्यासारखा होतो.

४०. प्रमाण आणि मुदत थोडी सैल माग, पण कारणासह. दहा यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग लागणार असतील तर आत्ताच लिही – नंतरच्या दुरुस्तीलाही पुन्हा नव्या अर्जाइतकाच धीर लागतो.

४१. फारसी किंवा स्पॅनिश कागदासोबत इंग्रजी भाषांतर जोड, आणि नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांत एकच ठेव – एकाच माणसाची तीन स्पेलिंगं दिसली की वाचणाऱ्याला तीन माणसं दिसतात.

४२. पाठवण्याआधी या धंद्याशी संबंध नसलेल्या कुणालातरी वाचायला दे – त्याला व्यवहार समजला तर ओफॅकलाही समजेल.

वाट पाहताना

४३. ग्राहकाला तारखेचं वचन देऊ नकोस. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे पाहिला जातो, बऱ्याचदा परराष्ट्र खात्याचं मतही घेतलं जातं – म्हणून करारातच ‘परवाना मिळाल्यावर’ ही अट घाल.

४४. ‘तोवर माल दुबईत नेऊन ठेवू’ असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हण. परवाना, तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर, मागच्या तारखेच्या व्यवहाराला लागू होत नाही – उद्याच्या परवान्यावर आजची गाडी हलत नाही.

४५. अर्ज क्रमांक फाईलच्या पहिल्याच पानावर लिही आणि प्रत्येक पत्रात, प्रत्येक फोनला तोच सांग – तू रजेवर गेलीस तरी तुझ्या जागी बसलेल्याला धागा सापडतो.

४६. जादा माहिती मागितली की मागितलेल्या मुदतीआधी दे, आणि पूर्ण दे – अर्धं उत्तर पुन्हा प्रश्न घेऊन येतं, आणि दोन्ही फेऱ्यांचा वेळ शेवटी रुग्णाच्या खात्यातून जातो.

४७. नकार आला तर खचू नकोस. नकाराचं कारण विचारता येतं, नवी माहिती देऊन प्रकरण पुन्हा उघडता येतं, नवा अर्जही करता येतो – पहिला नकार बऱ्याचदा अपुऱ्या माहितीला असतो.

परवाना हाती आल्यावर

४८. आनंद कर, मग बसून प्रत्येक अट वाच: नाव, रक्कम, माल, मुदत – त्यात नसलेला खरेदीदार किंवा मॉडेल घातलंस तर परवाना असूनही उल्लंघन होतं.

४९. माल निघण्याआधी बँकेला आणि फ्रेट फॉरवर्डरला परवान्याची प्रत दाखव, आणि पेमेंटच्या तपशिलात परवान्याचा क्रमांक घाल – बँका भीतीनं आधी थांबवतात आणि मग विचारतात.

५०. अटींमध्ये अहवाल मागितला असेल तर त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आजच टाक – काम चोख करून अहवाल विसरणारेच जास्त असतात.

५१. मुदत संपायच्या काही महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज कर, जुन्या परवान्याचा क्रमांक आणि प्रत जोड – मधल्या एका मोकळ्या दिवसातसुद्धा शिपमेंट निघता कामा नये.

५२. सगळे कागद दहा वर्षं सांभाळ. पूर्वी पाच वर्षं पुरत असत. एप्रिल २०२४ च्या कायद्यानं कारवाईची मुदत वाढवली आणि १२ मार्च २०२५ पासून कागद ठेवायची मुदतही दहा वर्षं झाली – ज्याची फाईल जाड, त्याची झोप गाढ.

पैसे अडकले तर

५३. बँकेनं पैसे गोठवले की परत पाठवले ते आधी विचार. परत पाठवलेले पाठवणाऱ्याकडे जातात. गोठवलेले व्याज मिळणाऱ्या खात्यात बंद राहतात, मालकी मूळ मालकाचीच राहते – दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

५४. तुमच्याच कंपनीनं काही गोठवलं किंवा नाकारलं असेल तर कामकाजाच्या दहा दिवसांत ओफॅकला कळव, आणि गोठवलेल्या मालमत्तेचा वार्षिक अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत दे – हात निर्मळ असतानाही या तारखा चुकवल्या तर ठपका येतो.

५५. पैसे सोडवायच्या अर्जाला मूळ पेमेंटची सूचना, तारीख, रक्कम, सगळ्या बँकांची नावं, बिल आणि करार जोड – अधिकाऱ्याला तुझ्या पैशांची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत कळली पाहिजे.

५६. नावसाधर्म्यामुळे पैसे अडकले असतील तर परवाना मागत बसू नकोस. चुकीच्या ओळखीची वेगळी रीत नियमांत आहे – ओळखीचे पुरावे देऊन ‘तो मी नव्हे’ एवढंच दाखवायचं असतं.

५७. माणूस खरोखर यादीत असेल आणि आपल्यावर अन्याय झाला असं त्याला वाटत असेल, तर यादीतून नाव काढण्याचा अर्ज तो स्वतः करू शकतो, त्याला वकील सक्तीचा नाही – ते दार वेगळं आहे हे त्याला नीट सांग.

काही चुकलं तर

५८. चूक दिसली की तो व्यवहार थांबव आणि ईमेल, बिलं, चॅट काहीही पुसू नकोस – चुकीला मुद्दाम केल्याचा वास लागतो तो पुसापुशीमुळे.

५९. तारखा मागेपुढे करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. तुमच्याच न्यू जर्सीतल्या हॅवर्ली सिस्टिम्सचं रशियाच्या रोझनेफ्टकडचं सॉफ्टवेअरचं बिल निर्बंधांत ठरलेल्या ९० दिवसांपलीकडे लांबलं, नव्या तारखेचं बिल दिलं गेलं, आणि २०१९ मध्ये त्यांनी ७५,३७५ डॉलर भरले – वसुलीला उशीर होणार हे दिसताच परवाना मागायचा असतो.

६०. ओफॅकला आपणहून कळवलं तर दंडाचा पायाभूत आकडा निम्म्यावर येतो, पण त्यांना कळण्याआधी सांगायला हवं – सांगितलेली चूक अर्धी, लपवलेली दुप्पट.

६१. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ यावर विसंबू नकोस. दिवाणी दंडाला हेतू लागत नाही, आणि २०२५ च्या दरानं तो एका उल्लंघनाला ३,७७,७०० डॉलर किंवा व्यवहाराच्या दुप्पट, यातलं जे जास्त ते, एवढा होऊ शकतो – जाणूनबुजून केलं तर वीस वर्षांपर्यंत तुरुंगही आहे.

६२. या टप्प्यावर वकील घे, आणि त्याला सगळं सांग – आधीच्या पायऱ्या तू एकटी चढू शकतेस, ही मात्र नको.

आणि रोजचं

६३. आठवड्यातून एकदा ओफॅकची ताजी घोषणा वाच, एक कप चहा संपेपर्यंत. सीरियावरचा अनेक वर्षांचा निर्बंध कार्यक्रम ३० जून २०२५ च्या आदेशानं उठला – बंदी आलेली कळली नाही तर दंड होतो, आणि उठलेली कळली नाही तर औषध विनाकारण अडतं.

६४. ‘भानगड नको’ म्हणून तिकडची प्रत्येक ऑर्डर नाकारायची सवय लावून घेऊ नकोस. कायद्यानं मोकळी ठेवलेली वाट तुमच्यासारख्या कंपन्यांनी वापरली नाही, तर ती नसल्यासारखीच होते – आणि त्याची किंमत राज्यकर्ते मोजत नाहीत, वॉर्डातला पेशंट मोजतो.

६५. म्हणून आजच तुझ्या टेबलावरची सगळ्यात जुनी अडलेली ऑर्डर काढ, जनरल लायसन्स लागू होतं का ते वाच, होत नसेल तर अर्जाचा पहिला परिच्छेद लिही आणि मला वाचून दाखव – तुझी प्रस्तावना छाटायचं काम माझं.